वहीत न मांडलेले आकडे

अमेरिकेतल्या खासगी कॉलेजच्या अर्जात एक प्रश्न असतो : आर्थिक मदत हवी आहे का? मुलीच्या अर्जात आम्ही ‘नाही’ लिहिलं. मदत मागितली की प्रवेशाची शक्यता घटते, असं सल्लागारानं सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं. परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता प्रवेश देणारी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी थोडकीच ठिकाणं आहेत. पण सुरुवातीला मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला बऱ्याच कॉलेजांत ती नंतरही मागता येत नाही, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कॉलेजचा तो नियम मी प्रवेश झाल्यावर वाचला.

2021 मध्ये वर्षाचा खर्च 52,000 डॉलर होता आणि डॉलर 74 रुपयांच्या आसपास. म्हणजे साडेअडतीस लाख. मी वहीत त्याला चारनं गुणलं आणि खाली रेघ मारली. फी दरवर्षी वाढते, रुपया घसरतो, हे मला ठाऊक होतं. ते आकडे मांडले असते तर तिला ‘जा’ म्हणता आलं नसतं, म्हणून मांडले नाहीत. शेवटच्या वर्षी खर्च 58,000 डॉलरवर आणि डॉलर 84 रुपयांवर गेला. त्या एका वर्षाला जवळपास 49 लाख लागले.

पहिली फी प्लॉट विकून भरली. 22 लाख पाठवायला गेलो तेव्हा बँकेत कळलं, तेव्हाच्या नियमानं सात लाखांवरच्या रकमेवर पाच टक्के टीसीएस हा कर आधी भरायचा होता. म्हणजे 75 हजार. विवरणपत्र भरल्यावर ते वळते होतात, पण त्या दिवशी हातात हवे होते. पुढे फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढलं. शिक्षण संपेपर्यंत हप्ता नाही, एवढंच आम्ही ऐकलं. व्याज मात्र पहिली रक्कम उचलली तेव्हापासून चढत होतं.

मला सगळ्यात टोचते ती चूक वेगळीच. मुलीला आम्ही काहीच सांगितलं नाही. ‘पैशाचं तू बघू नकोस, अभ्यास कर,’ असं मी आणि तिचे बाबा म्हणायचो. त्यात माया होती, आणि आपली अडचण लेकीला दिसू नये हा हट्टही होता. दुसऱ्या एका कॉलेजनं तिला वर्षाला 20,000 डॉलरची शिष्यवृत्ती देऊ केली होती. नाव कुणी फारसं ऐकलेलं नव्हतं, म्हणून आम्हीच ते मागे टाकलं. तिसऱ्या वर्षी फी उशिरा गेली, पुढच्या सत्राची नोंदणी अडली, तेव्हा तिला सगळं कळलं. मग ती कॅम्पसच्या भोजनगृहात आठवड्याला वीस तास काम करू लागली. सत्र चालू असताना विद्यार्थी व्हिसावर तेवढीच मुभा असते. फोनवर एकदाच म्हणाली, ‘आई, तेव्हाच सांगितलं असतंत तर मी ते दुसरं कॉलेज घेतलं असतं. मला चाललं असतं गं.’

धाकट्याला जर्मनीला जायचंय. या वेळी वही त्याच्याच हातात दिली. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणाची फी नाही. तरी वर्षभराच्या राहण्या-जेवण्याचे 11,904 युरो आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, ठेवावे लागतात. शिवाय आपल्या नुसत्या बारावीवर पदवीला थेट प्रवेश नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड, इथल्या पदवीचं एक वर्ष किंवा तिथला तयारीचा अभ्यासक्रम, यातलं काहीतरी लागतं. युरोचा भाव त्यानं आजच्यापेक्षा दहा रुपये चढा धरला, बेरीज केली, आणि पहिलं वर्ष पुण्यात करायचं त्यानंच ठरवलं.