पुढचा ब्रेक

वडिलांच्या मागे घरात दोन वस्तू जशाच्या तशा राहिल्या होत्या. एक ओटीवरची आरामखुर्ची आणि दुसरी त्यांची १९७६ सालची बुलेट. खुर्चीवर नातवंडे खुशाल लोळत. गाडीचा मात्र साधा खिळाही बदललेला मला खपत नसे. ‘पप्पांची गाडी आहे, तशीच राहू दे,’ हे माझे ठरलेले उत्तर.

गाडीबरोबर त्यांची शिकवणही मी जपली होती. ‘पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, डोक्यावर पडशील,’ असे ते बजावत. त्यांच्या काळच्या खडीच्या, रेताड रस्त्यांवर ते खरेही होते. सुट्या खडीवर पुढचे चाक अडले की गाडी आडवी झालीच म्हणून समजा. रस्ते डांबरी झाले, रहदारी दसपटीने वाढली, तरी माझा हात त्या दांड्यापासून दूरच राहिला. साहजिकच त्या ब्रेकची निगाही राहिली नाही.

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका सकाळी बाजाराच्या वळणावर एक शाळकरी मुलगी छत्री सावरीत अचानक रस्त्यात उतरली. मी मागचा ब्रेक दाबला, तसे ओल्या रस्त्यावर मागचे चाक घसरू लागले. तेव्हा कुठे पुढचा दांडा ओढला. तो मुठीला टेकला, तरी गाडी थांबेना. थांबली ती छत्रीची कडा चाकाला लागल्यावर. ‘सॉरी, काका,’ म्हणून पोरगी निघूनही गेली. चूक माझी होती आणि क्षमा तिने मागितली! किती तरी वेळ माझे पाय थरथरत होते.

मिस्त्रींनी ड्रम उघडला. लायनर झिजून रिव्हेटांना आलेले, केबलचे तंतू सुटलेले. दोष गाडीचा नव्हता, माझ्या हयगयीचा होता. ते म्हणाले, ‘लायनर बदलून काम भागेल. पण ब्रेक मारला की गाडीचा सारा भार पुढच्या चाकावर येतो, मागचे हलके होते. म्हणून थांबवण्याचे खरे काम पुढच्याच ब्रेकचे.’ जुन्या ड्रममध्ये एकच कॅम दोन्ही शूंना फाकवतो. फिरता ड्रम एका शूला आपल्याकडे ओढून घेतो, दुसऱ्याला दूर लोटतो. नंतरच्या बुलेटच्या मोठ्या ड्रममध्ये दोन कॅम असतात आणि दोन्ही शू ओढले जातात. ते हब आणि ती प्लेट बसवावी, असा त्यांचा सल्ला होता.

‘म्हणजे गाडी मूळची राहणार नाही,’ मी कुरकुरलो.

त्या रात्री जुना अल्बम चाळताना एका छायाचित्रावर नजर थबकली. गाडी नवी, वडील तरुण आणि गाडीला साडीगार्डच नाही! तो त्यांनी लग्नानंतर आईसाठी बसवून घेतला होता. पुढे माझ्यासाठी टाकीजवळ धरायला कांब आली, दोन सुट्या सीटच्या जागी सलग लांब सीट आली. ज्या गाडीला मी ‘मूळची’ म्हणून कवटाळून बसलो होतो, ती त्यांनी माणसांसाठी कितीदा तरी बदलली होती. मी लोखंड जपले; त्यांनी माणसे जपली होती.

दुसऱ्याच दिवशी गाडी मिस्त्रींकडे गेली. नवे हब, नव्या आऱ्या, नवी केबल. एक मर्यादा त्यांनी सांगून ठेवली: चढावर गाडी मागे घरंगळू लागली तर दोन कॅमचा हा ब्रेक तितका धरत नाही, तिथे मागचा वापरावा.

आता मुलगा ही गाडी शिकतो आहे. हिचा गिअर उजव्या पायाला, मागचा ब्रेक डाव्या. आजच्या गाड्यांच्या नेमके उलट. गोंधळाच्या क्षणी पाय चुकेल. उजव्या हातातला ब्रेक मात्र दोन्हीकडे तोच. म्हणून रोज संध्याकाळी मोकळ्या मैदानात मी त्याच्याकडून एकच धडा गिरवून घेतो: हळूहळू दाब वाढव, झटका देऊ नकोस, पाण्यातून आलास तर ब्रेक किंचित धरून चार पावले चालव, म्हणजे लायनर सुकतील.

शिकवताना मध्येच वडिलांचे शब्द ओठांवर येतात. ते मी बदलून सांगतो, ‘पुढच्या ब्रेकला हात लाव बाळा, पण जपून.’ त्यांनीही आज हेच सांगितले असते, असा माझा विश्वास आहे.