चार आयतांचा स्वेटर

विवाहसमारंभात मांडल्या जाणाऱ्या रुखवतात क्रोशाच्या विणकामाला एके काळी जे अग्रस्थान होते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना एका विसंगतीची जाणीव कधी ना कधी झाली असेल. मेजावरचे आच्छादन, रेडिओवरचा रुमाल, तक्क्याचा अभ्रा, ताटावर घालायची जाळी, दाराचे तोरण, अशा यच्चयावत निर्जीव वस्तूंना आमच्या घरांतील स्त्रियांनी क्रोशाची वस्त्रे मोठ्या हौसेने लेववली. परंतु जिवंत माणसाच्या अंगावर घालण्याजोगे काही करायचे म्हटले, की बाळाचे टोपडे आणि परकराची झालर यांपलीकडे ही सुई माझ्या पाहण्यात सहसा गेली नाही, आणि स्वेटर विणायची वेळ आली म्हणजे ती डब्यात जाऊन तिच्या जागी लोकरीच्या दोन लांब सुया येत. रेडिओला अंग असते, पण खांदे नसतात. त्याला मुंढा लागत नाही, गळा लागत नाही, आणि तो हात वर करीत नाही. विसंगतीचे कारण बहुधा इतकेच असावे.

मुंढ्याची गोलाई आणि गळ्याचा उतार या दोन ठिकाणी मुरलेल्या शिंप्याचीही परीक्षा होते. मग ओळीओळीला टाके कमी करीत तीच गोलाई दोऱ्यातून उभी करायची, आणि तीही जाळीचा नमुना न बिघडवता, हे काम नवख्या हाताला दुर्घट वाटावे यात आश्चर्य नाही. सहा टाक्यांनी पुरा होणारा शिंपल्याचा नमुना मुंढ्याशी येऊन चवथ्या टाक्यावर तुटला, म्हणजे उरलेला अर्धा शिंपला कोठे दडवावा याची तजवीज जिची तिलाच करावी लागते. या पेचातून सुटण्याचा मार्ग इतका उघड आहे, की तो सुचायलाच वेळ लागतो: गोलाई करूच नये. चार आयत विणावेत, दोन मोठे आणि दोन लहान. मोठ्यांपैकी एक पुढे, एक मागे. त्यांच्या वरच्या कडा दोन्ही टोकांकडून खांद्यापुरत्या जोडून मधला भाग मोकळा ठेवावा, तोच गळा. बाजू खालून वर जोडीत जाऊन शेवटचे वीसेक सेंटिमीटर सोडावेत, तोच मुंढा. आणि लहान आयतांची नळी करून ती त्या मोकळ्या जागी बसवली, की बाह्या झाल्या. टाका कोठे कमी करायचा नाही, कोठे वाढवायचा नाही, आणि नमुना या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड चालतो.

मात्र त्यापूर्वी एक हिशेब करावा लागतो, आणि तो तोंडी करून भागत नाही. नमुन्याचा वीतभर तुकडा आधी विणून, धुऊन, वाळवून, त्यावर दहा सेंटिमीटरांत किती खांब, म्हणजे उभे टाके, बसतात ते मोजायचे. समजा, सोळा बसले, आणि छातीचे माप 92 सेंटिमीटर आहे. आयतांचे वस्त्र अंगासरशी बसण्यासाठी नसतेच, म्हणून 12 सेंटिमीटर सैल सोडले तर घेर 104 आणि प्रत्येक बाजू 52 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 83 खांब. परंतु नमुना जर सहाच्या पटीत अधिक एक असा चालत असेल, तर 83 ही संख्या त्याला नामंजूर असते. त्याच्या दफ्तरी 79 आणि 85 यांचीच नोंद होते. 85 घेतले की रुंदी 53 सेंटिमीटर होते, आणि एका सेंटिमीटरच्या या तडजोडीवर अंग आणि नमुना असे दोन्ही पक्ष राजी होतात. त्या 53 पैकी मधले 27 गळ्यासाठी सोडले, तर दोन्हीकडे 13-13 सेंटिमीटरांचे खांदे उरतात. आणि आयताची कड खांद्याच्या हाडावर न थांबता खाली दंडावर उतरत असल्यामुळे बाहीची लांबी तेवढी कमी धरावी लागते. ज्या मुलींना शाळेत अंकगणिताचा तिटकारा होता त्यांनाही हा त्रैराशिकाचा व्यवहार बिनतक्रार करताना मी पाहिले आहे.

हिशेब बरोबर आला म्हणजे आयत आपोआप आयत राहतो, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. खरेदीखतात चतुःसीमा कितीही चोख लिहिलेल्या असल्या तरी शेताचा बांध सरकायचा तो सरकतोच, तसा क्रोशाच्या आयताचाही सरकतो, आणि तो सरकतो ओळीच्या दोन टोकांशी. ओळ संपवून उलटताना तीन साखळ्या घालून उंची गाठायची असते आणि या तीन साखळ्या म्हणजेच नव्या ओळीचा पहिला खांब. परतीच्या ओळीत शेवटचा खांब त्यांच्या माथ्यावर घालायचा राहिला, की दर खेपेस एक टाका गहाळ होतो, आणि हा ऱ्हास डोळ्यांना दिसेपर्यंत आयताचा समलंब चौकोन झालेला असतो. खालच्या कडेची तऱ्हा निराळी. प्रारंभीची साखळी घट्ट घालण्याची हाताला खोड असते, त्यामुळे वरचे कापड पसरते आणि तळ आखडतो; म्हणून तेवढी एकच ओळ जरा जाड सुईने घालावी असा जाणत्यांचा शिरस्ता आहे. माझी एक मावशी, जिच्या हातच्या अननसाच्या नमुन्याची साऱ्या आळीत वाखाणणी होई, नव्या मुलीला शिकवायला घेताना अननस दाखवीतच नसे. “आधी चौकोन धड विणून आण,” एवढेच म्हणे, आणि आणलेला चौकोन मधोमध दुमडून कडेला कड लावून पाही. त्या वयात ही कसोटी जाचक वाटे. आता वाटते, की तिच्याहून न्याय्य कसोटी या कलेत दुसरी नाही.

आयत हा वस्त्राचा अप्रगत, जणू बाल्यावस्थेतील आकार होय आणि कापून, बेतून, अंगाबरोबर शिवलेला पोशाख ही त्यापुढची पायरी होय, अशी एक समजूत आपल्याकडे चांगलीच मुरली आहे. तिला छेद देणारा पुरावा आपल्याच फडताळात घडी घालून ठेवलेला असताना ती टिकावी, याचे मला नवल वाटते. नऊवारी, धोतर, उपरणे, पंचा ही सगळी मागावरून उतरलेली आणि कात्रीचा स्पर्श न झालेली आयताकृती वस्त्रे. पूजेच्या वेळी नेसायचा मुकटा शिवलेला चालत नाही तो नाहीच. या वस्त्रांत आकार नसतो असे नव्हे, तो कापडात नसून नेसणीत असतो: तेच लुगडे कोळिणीच्या अंगावर एक रूप घेते आणि देशावरच्या शेतकरणीच्या अंगावर दुसरे. चोळीसाठी मात्र कात्री आली, तरी गुळेदगुडच्या मागावरचा खण हा चोळीपुरताच विणलेला आयत असल्यामुळे, त्यातून चोळी बेतताना चिंधी किती कमी पडते यावर बेतणारीची पारख होत असे. जपानी किमोनोची हकिकत तर याहून बोलकी आहे. साधारण 36 सेंटिमीटर रुंद आणि बारा मीटर लांब अशा एका पट्टीतून त्याचे सर्व भाग सरळ रेषेत कापतात. माणूस लहानखुरे असले तर जास्तीचे कापड कापून न टाकता शिवणीत दडवतात. आणि जुन्या पद्धतीप्रमाणे धुण्याच्या वेळी साऱ्या शिवणी उसवून, तुकडे धुऊन ताणून वाळवून, पुन्हा जोडतात. अंगाबरोबर बेतलेला पोशाख माणसाला एका विशिष्ट वर्षीच्या मापात डांबून ठेवतो. आयत तसा हुकूम सोडीत नाही. देह रोडावला काय आणि सुटला काय, तो फेरफार निमूटपणे मान्य करतो. वयाची पन्नाशी उलटलेल्या वाचकांना या गुणाची महती मी विशद करून सांगायला नको.

वस्तुतः क्रोशाला वक्रतेचे वावडे मुळीच नाही. दोन सुयांच्या विणकामात ओळीतली सगळी घरे एकाच वेळी सुईवर तोलून धरावी लागतात आणि एक निसटले की खालपर्यंत शिडी पडते. क्रोशात जिवंत फास एकच, त्यामुळे सुई कोणत्याही टाक्यापाशी थांबून कोणत्याही दिशेला वळू शकते. या स्वातंत्र्याचा लाभ गणितज्ञांनाही झाला. ज्या अ-युक्लिडीय प्रतलाचे कागदी नमुने हाताळताना फाटून जात, ते दायना तायमिना या लाटव्हियन गणितज्ञ विदुषीने 1997 साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्रोशाने विणून दाखविले. ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवीत जायचे, एवढीच त्यातली युक्ती. आणि त्याच्या दीड शतक आधी, 1845 साली बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडात जो भीषण दुष्काळ सुरू झाला, त्यात कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक येथील मठवासिनींनी आणि क्लोन्स गावच्या धर्मोपदेशकाच्या पत्नीने या सुईला उत्तेजन देऊन अनेक कुटुंबांच्या चुली पेटत्या ठेवल्या. व्हेनिसची सुईने भरलेली लेस करायला फार काळ लागे, क्रोशाने तिच्यासारखी शोभा थोडक्या वेळात साधे. गुलाब, तिपानी, द्राक्षवेल असे एकेक अलंकरण वेगळे विणायचे, मग ती सर्व कापडी आराखड्यावर उलटी टाचून मधली जागा जाळीने भरून काढायची, अशी या क्रोशाच्या लेसची रीत. त्या लेसचा एक गळपट्टा पाहिला तरी मन थक्क होते. तथापि एक तक्रार नोंदवून ठेवते: ज्या वस्त्रात आकारही अवघड आणि भरणही अवघड, ते घालणारी स्त्री मला नेहमी त्या वस्त्राची रखवालदारीण वाटत आली आहे.

आयतांच्या स्वेटरात सारा खर्च जाळीवर करता येतो, कारण आकारावर काहीच खर्च झालेला नसतो. आणि जाळी हे केवळ अलंकरण नव्हे, आपल्या हवेत ती एक गरज आहे. पुण्यास डिसेंबरात पहाटे अंगावर काटा येतो आणि दुपारी तोच स्वेटर काखेत मारून हिंडावे लागते. अशा प्रदेशात विलायती थंडीच्या मापाने विणलेली जाड, गच्च लोकर हे एक ओझेच. सुती दोऱ्याची, साखळीने मोकळी केलेली वीण सकाळचा गारवा अडवण्याइतकी दाट आणि उन्हाला वाट देण्याइतकी विरळ ठेवता येते. मात्र सूत जड असते आणि ते लोकरीसारखे आखडून पूर्ववत होत नाही, हा त्याचा दोष आधीच ध्यानात घ्यावा. जाळीदार वीण स्वतःच्याच भाराने लोंबते, म्हणून नमुन्याचा तुकडा चिमट्यांनी दोरीवर दिवसभर टांगून मग त्याची लांबी मोजावी. म्हणून खांद्याची शिवण मुक्या खांबांनी घट्ट करावी, कारण सगळ्या वस्त्राचा भार तिच्यावरच येतो. आणि म्हणूनच विणून झालेले आयत ओले करून, गादीवर मापाप्रमाणे ताणून, गंज न धरणाऱ्या टाचण्यांनी टाचून वाळू द्यावेत. टाचण्यांखालून निघालेली जाळी आणि हातातून उतरलेला तो चुरगळलेला गोळा एकच आहेत, यावर पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

या कामाला आपण फुरसतीचे काम म्हणतो, आणि त्या एका विशेषणाने त्याची मजुरी बुडते. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नर्सापूर परिसरातील हजारो स्त्रिया परदेशी बाजारासाठी क्रोशाची लेस विणीत आल्या आहेत. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ विदुषीने 1982 साली त्यांच्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात तिने दाखविले ते हेच, की या बायका घरबसल्या रिकामा वेळ घालवतात असे एकदा मानले, म्हणजे त्यांना नाममात्र मोबदला देणे व्यापाऱ्याला सुकर होते. दुकानातले वस्त्र खरोखर क्रोशाचे असेल तर ते कोणाच्या तरी हाताने टाक्याटाक्याने विणलेले असते. दोन सुयांच्या विणकामाची नक्कल यंत्रे सर्रास करतात, तशी याची होत नाही. तेव्हा प्रदर्शनात एखादा जाळीचा स्वेटर हाती घेऊन किमतीची घासाघीस करू लागण्यापूर्वी गिऱ्हाइकाने त्याची एक ओळ तरी बोटाने मोजून पाहावी, अशी माझी विनंती आहे.

आणि ज्यांना स्वतःच विणायचा आहे त्यांनी दोरा थोडा जास्त, पण एकाच वेळी रंगवलेल्या मालातला घ्यावा, आणि प्रारंभ पाठीच्या आयताने करावा. पहिल्या काही ओळींत हात कधी घट्ट, कधी सैल चालतो, आणि ती असमानता पाठीवर फारशी कोणाच्या नजरेला येत नाही. समोरचा आयत हाती घ्याल तोवर हात बसलेला असेल.