ओल्या फडक्याचे श्रेय

कायमचे बंद पडलेले यंत्र दुरुस्त करणे त्यामानाने सोपे. अधूनमधून बंद पडून आपणहून सुरू होणाऱ्या यंत्रापुढे मात्र भलेभले मिस्त्री हात टेकतात. कारण गॅरेजात पोहोचेपर्यंत त्याचे दुखणे पळालेले असते.

१९९७ साली आमच्या जुन्या, कार्ब्युरेटरच्या मोटारीला हा रोग जडला. वडील डबऱ्याला थोरल्या बंधूंकडे राहत. दर पंधरा दिवसांनी त्यांना उपचारासाठी ग्वाल्हेरला आणावे लागे. मी निघताना टाकी भरून घेई आणि ४०-४५ किलोमीटरांच्या त्या वाटेत इंजिन आचके देऊन हटकून बंद पडे. मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना, आजारी माणसासाठी रस्त्याकडेला सावली शोधावी लागे.

निदान सर्वतोमुखी होते : उन्हाने पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंपाला ती ओढवत नाही. उपाय, पंपावर ओले फडके. दहा-पंधरा मिनिटांनी गाडी खरोखरच सुरू होई आणि फडक्यावरची श्रद्धा दृढ होई.

पुढे जानेवारीतल्या दाट धुक्यात गाडी तशीच बंद पडली. तोंडातून वाफ निघत होती. पेट्रोलची वाफ करणारे ऊन मात्र कोठेच नव्हते. लष्करातल्या वृद्ध मिस्त्रींनी बॉनेट न उघडता प्रश्न विचारले. ठिणगी पडते? पडत होती. टाकी भरल्यावर बंद पडते की निम्मी झाल्यावर? बहुधा भरल्यावर. "अब बंद हो तो कपड़ा मत रखिए, टंकी का ढक्कन खोलिए," ते म्हणाले.

पुढच्या खेपेस झाकण सैल करताच सुस्कारा सोडल्यासारखा आवाज झाला आणि चार-दोन प्रयत्नांत इंजिन सुरू झाले. झाकणातले बारीक छिद्र धुळीने बुजले होते. पेट्रोल खर्च होईल तशी बाहेरची हवा टाकीत यावी लागते. ती न आल्याने आतला दाब घटे आणि पंपाची ओढ अपुरी पडे. भरल्या टाकीत हवेला जागा थोडी, म्हणून तेथे हे लवकर घडे. थांबल्यावर फटींतून हवा हळूहळू झिरपे. गाडी सुरू होई ती त्या पंधरा मिनिटांमुळे. श्रेय मिळे फडक्याला.

आजच्या मोटारींतील संगणक दोषांची नोंद ठेवतो. पण आपोआप ओसरणाऱ्या दुखण्यात शेवटी केलेला उपायच गुणकारी वाटतो, हा धोका गाड्यांपुरता नाही. वडिलांच्या भोवळीलाही असेच चढउतार होते. बरे वाटले की कधी काढ्याला यश मिळे, कधी अंगाऱ्याला. त्या हिवाळ्यापासून मी वही घातली : तारीख, वेळ, औषध, जेवण. महिन्याभरात दिसले, की भोवळ येते ती रात्रीच्या एका गोळीनंतरच्या सकाळी. डॉक्टरांनी ती गोळी बदलली. पुढे प्रत्येक खेपेस ते नाडी पाहण्याआधी वही मागत.