देवडीवरचा राखणदार

जळकोटकडं म्हातारं माणूस एकच गोष्ट चारदा विचारायला लागलं की घरचे म्हणतात, म्हातारचळ लागलाय. पोरं ऊसतोडीला नाहीतर पुण्याला. मागं राहिलेल्यांनी लक्ष द्यायचं तरी किती? साठी बुद्धी नाठी म्हणून विषय मिटतो. त्या डोक्यात मात्र कधीकधी एका राखणदाराची पंचाईत झालेली असते.

शास्त्रानं त्याला रक्त-मेंदू अडथळा असं नाव दिलंय. अगदीच सरकारी नाव. स्वभावानं हा जुन्या वाड्याच्या देवडीवर बसणाऱ्या राखणदारासारखा. प्राणवायूला अडवत नाही, साखरेला हाताला धरून आत नेतो, बहुतेक औषधांना मात्र उंबऱ्यावरूनच परत पाठवतो. मेंदूचे डॉक्टर त्याच्यावर वैतागतात ते यामुळंच.

त्याचं अंग म्हणजे मेंदूतल्या केशवाहिन्यांची भिंत. या वाहिन्या एकापुढं एक जोडल्या तर अंदाजे 600 किलोमीटर भरतात. जळकोटहून निघालं तर मुंबई गाठता येईल. एवढा मोठा पसारा आणि जाडी एका पेशीची! पण शेजारशेजारच्या पेशी अशा घट्ट सांधलेल्या की मधून सहसा काही झिरपत नाही.

तो आहे हेच पुष्कळ दिवस कुणाला ठाऊक नव्हतं. 1885 साली पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. सगळं अंग रंगलं, मेंदू कोरा राहिला. मेंदूला रंग धरतच नसेल, असं त्यांना वाटलं. 1913 मध्ये त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमान यांनी रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. या वेळी मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे मध्ये कुणीतरी बसलंय, हे कळलं.

निरोगी डोक्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच्यासमोरून वाहत निघून जातात. आत शिरणाऱ्या अगदी थोड्या. अल्झायमर या विस्मरणाच्या आजारात आत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा गाळ साचतो, मेंदूच्या घरच्या सफाई पेशी चवताळतात आणि त्यांचे रासायनिक सांगावे भिंतीपर्यंत पोचतात. मग राखणदार स्वतःच रक्ताच्या बाजूला चिकट रेणूंचे आकडे बाहेर काढतो. वाहती पेशी त्यांना अडखळते, घरंगळते, चिकटते, भिंतीवरून सरपटत जागा शोधते आणि सांध्यातून, कधी थेट भिंतीच्या पेशीतूनच, अंग चोरून पलीकडं जाते. याला घुसखोरी म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. कडी आतून निघालेली असते.

आत गेलेल्या पेशी काय करतात? 2015 मध्ये इटलीतल्या व्हेरोनाच्या संशोधकांनी उंदरांमध्ये न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची वाट अडवली, तेव्हा उंदरांची स्मरणशक्ती सुधारली. 2020 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाला अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत, अमायलॉइडच्या गाठींजवळ, टी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी सापडल्या. पण आत आलेली प्रत्येक पेशी नासधूसच करते असं नाही. काही साफसफाईला हातभार लावत असाव्यात, असंही उंदरांवरचे काही प्रयोग सांगतात.

मग दार कायमचं बंद का करू नये? तसं औषध आहे. 2004 साली अमेरिकेत नॅटालिझुमॅब मंजूर झालं, मल्टिपल स्क्लेरोसिस या दुसऱ्या आजारासाठी. ते पांढऱ्या पेशींना त्या आकड्यांत अडकूच देत नाही. पण पहारा द्यायला पेशीच आत गेल्या नाहीत, तेव्हा काही रुग्णांच्या मेंदूत एरवी निपचित पडून राहणाऱ्या विषाणूनं थैमान घातलं. राखणदार कडक हवा, पण आंधळा नको.

तो शेवटी रक्तवाहिनीच आहे. वर्षानुवर्षं वाढलेला रक्तदाब आणि साखर त्याला झिजवतात, आणि या दोन्ही गोष्टी मोजायला मुंबई गाठावी लागत नाही. घरात पन्नाशी ओलांडलेलं माणूस असेल तर दोन्ही मोजून घ्या. विसरणं वाढलं असेल तर म्हातारचळ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडच्या बिघाडानं किंवा बी-12 कमी पडल्यानंही माणूस विसरतो, आणि त्यावर साधे उपचार आहेत.