पिवळी स्कूटर आणि चिकटपट्टी लावलेली कॅसेट

आजचा धागा गिरण्यांविषयी नाही. सोलापूरच्या जुन्या मिलवरील लेखन पुढच्या भागात पुन्हा सुरू होईल. मध्येच घराच्या माळ्यावर एक कॅसेट सापडली आणि तिने माझे आठ दिवस घेतले.

कॅसेट साठ मिनिटांची, घरी भरलेली. आतल्या कागदावर काकांच्या अक्षरात, निळ्या शाईने लिहिले आहे : 'रेमो – गोअन क्रेझी'. काका तेव्हा वास्कोला नोकरीस होते. माझ्या पिढीला रेमो फर्नांडिस हे नाव ठाऊक झाले ते 'बॉम्बे' (१९९५) चित्रपटातील 'हम्मा हम्मा'मुळे, म्हणजे उलट्या टोकाकडून. 'गोअन क्रेझी' हा त्याचा गोव्यात घरी बसून केलेला अल्बम त्याच्या अकरा वर्षे आधीचा, १९८४ सालचा. आज ज्याला आपण 'इंडी' म्हणतो, त्याचा आपल्याकडील इतिहास लिहायचा झाला तर मी तो येथून सुरू करीन.

रेमोचा जन्म १९५३ साली पणजीत झाला. मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयात वास्तुकलेचे शिक्षण, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस युरोपात भटकंती व तेथील बँडबरोबर वादन, आणि मग परत गोव्यात, शिवोली गावी मुक्काम. गाणी इंग्रजीत रचलेली, पण विषय सारे गोव्याचे : तेथील माणसे, त्यांच्या तऱ्हा, त्यांची दुखणी.

नेमके हेच मुंबईच्या कंपन्यांना नको होते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कंपन्यांना गोवा ऐकू येत नव्हता असे मुळीच नाही. ख्रिस पेरी, लोर्ना, आल्फ्रेड रोज यांच्या कोंकणी तबकड्या एचएमव्हीनेच काढल्या होत्या. परंतु कंपनीच्या कपाटात कप्पे ठरलेले होते. कोंकणी गाणे गोंयकारांसाठी. इंग्रजी गाणे म्हणजे विलायतेहून आलेले, फार तर त्याची येथे केलेली नक्कल. गोव्याविषयी इंग्रजीत, स्वतः रचून गाणारा माणूस कोणत्या कप्प्यात ठेवायचा? पुराभिलेखागारात काम करणाऱ्यांना हा प्रश्न परिचित आहे. ज्या कागदाला कप्पा नसतो, तो हरवतो.

तो हरवला नाही, याचे श्रेय एका यंत्राला द्यावे लागेल. साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र पट्ट्यांत ध्वनिमुद्रण करणारे 'पोर्टास्टुडिओ' हे यंत्र जपानच्या टीअॅक कंपनीने १९७९ साली बाजारात आणले. एरवी कॅसेटच्या प्रत्येक बाजूस दोन पट्ट्या असतात. या यंत्राने चारही पट्ट्या एकाच दिशेने, दुप्पट वेगाने वापरल्या. अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीनने 'नेब्रास्का' (१९८२) असाच घरी मुद्रित केला, पण त्याच्यामागे मोठी कंपनी उभी होती. शिवोलीत मागे कोणी नव्हते. रेमोने घरीच सारी वाद्ये स्वतः वाजवली, सारे आवाज स्वतः दिले. बँड म्हणाल तर तो एकटाच बँड होता.

चार पट्ट्यांत इतके कसे मावते? तीन पट्ट्यांवर वाद्ये भरायची, ती एकत्र करून चौथीवर उतरवायची, मग त्या तीन पुसून त्यांवर नवे भरायचे. एकदा एकत्र केलेले पुन्हा वेगळे करता येत नाही, आणि दर उतरवणीला खरखर वाढते. ताल सैल पडल्याचे नंतर ध्यानात आले तर तो तसाच राहतो, नाहीतर सारेच पहिल्यापासून.

अल्बम तयार झाला. आता तो पोहोचवायचा कसा? या गोष्टीत मला सर्वांत प्रिय आहे ती रेमोची पिवळी स्कूटर. कॅसेटी घेऊन तो स्वतः गोव्यातील दुकानोदुकानी फिरला. वितरण हा शब्द आपल्याला रुक्ष वाटतो, पण संगीताचा इतिहास पुष्कळदा तेथेच घडतो. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथात दाखवले आहे की, ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतातील ध्वनिमुद्रित संगीताचा सुमारे ९५ टक्के बाजार कॅसेटने व्यापला होता. तबकडीला कारखाना लागे. कॅसेटला खोली पुरे. पुढल्याच वर्षी 'ओल्ड गोअन गोल्ड' आला, श्याम बेनेगलांच्या 'त्रिकाल'मध्ये त्याचा आवाज घुमला, मग 'पॅक दॅट स्मॅक' (१९८६) आणि 'बॉम्बे सिटी' (१९८७). मोठ्या कंपनीने त्याला जवळ केले ते त्याचे श्रोते तयार झाल्यावर.

ही झाली विकल्या गेलेल्या प्रतींची कथा. माळ्यावरची प्रत विकली गेलेली नाही. मित्राच्या कॅसेटवरून काकांनी ती उतरवली. रेमोला तिचा एक पैसाही मिळाला नसेल. आमच्या सोलापुरातही हेच चाले. गड्ड्याच्या यात्रेत मंगळवेढ्याच्या प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेटी विकत घेतल्या जात. बाकीची गाणी, बाबा सांगतात, दुकानदाराला यादी दिली की तो भरून देई. कलावंताच्या दृष्टीने ही चोरीच. पण ती झाली नसती, तर शिवोलीतील गाणी एका मिल कामगाराच्या घरात पोहोचलीही नसती.

आता माझे आठ दिवस का गेले ते सांगते. दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे संपते, थोडी खरखर होते, आणि एकाएकी अर्ध्या ओळीपासून भजन सुरू होते. टाळ, पखवाज, आणि सर्वांच्या वर एक घोगरा, थोडा घाईतला आवाज. आईने स्वयंपाकघरातून विचारले, "मामंजींचा आवाज कुठून आला गं?"

आजोबा माझ्या जन्माआधीच गेले. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

कॅसेट उलटी करून पाहिली. वरच्या कडेला दोन लहान खाचा असतात. त्यांवरचे प्लॅस्टिकचे तुकडे मोडले की तिच्यावर दुसरे काही भरता येत नाही. येथे दोन्ही तुकडे मोडलेले आहेत, म्हणजे भजन जपावे असे कोणाला तरी वाटले होते. आणि दोन्ही खाचांवर पिवळी पडलेली चिकटपट्टी आहे.

काकांना फोन केला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, कोरी कॅसेट घ्यायला पैसे कुठं होते तेव्हा?" आणि थोड्या वेळाने, "किती राहिलंय?"

तीन मिनिटे चाळीस सेकंद, मी सांगितले.

ते रविवारी येणार आहेत. फीत दोन ठिकाणी चुरगळली आहे, आणि आमच्या डेकची दुरुस्ती शनिवारपर्यंत होईल. तोवर मी ती पुन्हा वाजवलेली नाही.