तांबडीची जागा

कोंबड्यांच्या कळपात बाहेरून आणलेली पिल्ले मिसळवणे हे दिसायला किरकोळ, पण करायला नाजूक काम आहे. कारण कळपातील प्रत्येक कोंबडीचे स्थान ठरलेले असते आणि नवागताने ते हलवू नये, याची दक्षता सर्वांत वरची कोंबडी चोचीने घेते. कोणी कोणाला टोचावे आणि कोणी निमूट बाजूला व्हावे, या क्रमाला टोचणीची उतरंड म्हणता येईल. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लीफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्यांच्या नोंदी ठेवून तिचा अभ्यास केला आणि 1921-22 च्या सुमारास तो शास्त्रापुढे मांडला. खुडूक कोंबडी, म्हणजे अंडी घालायचे थांबवून उबवणीला बसलेली कोंबडी, आपल्या पंखाखालच्या पिल्लांचा कैवार घेते आणि त्या आधारावर पिल्ले कळपात सामावतात. विकत आणलेल्या पोरक्या पिल्लांना मात्र असा कैवारी नसतो.

सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्याच्या मागील चौकात हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा तो तिथल्या बिऱ्हाडकरूंच्या घरात खोलवर शिरला. हे कुटुंब मूळचे मुळशी खोऱ्यातले होते. टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 साली सुरू झालेला आणि पुढे सेनापती बापटांच्या नेतृत्वाने गाजलेला सत्याग्रह ज्या जमिनींसाठी झाला, त्यांतच या घराची भातखाचरे होती आणि ती पाण्याखाली गेली. घरातील आजी त्या घरात सून म्हणून आली ती बुडिताच्या गोष्टी ऐकतच, त्यामुळे ‘जागा’ हा शब्द ती सहजासहजी उच्चारीत नसे.

तांबडी ही त्या चौकातील चार कोंबड्यांमध्ये सर्वांत वडील. वाड्याच्या मालकीणबाई कडक शाकाहारी असल्याने अंडी सार्वजनिक नळावर धुवायची नाहीत आणि पिसे तुळशीवृंदावनाकडे उडू द्यायची नाहीत, अशा दोन अटी होत्या. पण तांबडी चौकातल्या गोमा आणि झुरळे वेचून खात असल्यामुळे तिसरी अट कधी घातली गेली नाही.

एका पावसाळ्याच्या तोंडाशी नातवाने रस्त्यावरच्या टोपलीतून हिरवी-गुलाबी रंगवलेली पिल्ले आणली. ती जरा मोठी होऊन चौकात सुटताच तांबडीने त्यांतल्या एकाचे डोके फोडले. रक्ताचा लाल ठिपका दिसला की इतर कोंबड्याही तिथेच टोचू लागतात, या स्वभावामुळे ते पिल्लू वाचले नाही. घरच्या कर्त्या मुलाने माहीतगाराला विचारून उपाय केला: दांडगाई करणाऱ्या कोंबडीला काही दिवस कळपाबाहेर ठेवायचे, म्हणजे तिच्या मागे उतरंड नव्याने लागते आणि परत आल्यावर तिलाच तळापासून सुरुवात करावी लागते. तांबडीला जिन्याखाली डालग्यात कोंडण्यात आले आणि मांजराने डालगे उलथू नये म्हणून त्यावर वरवंटा ठेवला गेला. आजीचे म्हणणे एवढेच होते की, जागा तिची आहे, पाहुण्यांनी ती बघून बसावे. तिचे ऐकले गेले नाही. नातवाच्या अभ्यासाला माजघर मोकळे हवे म्हणून तिचे स्वतःचे अंथरूणही त्याच महिन्यात ओसरीवर गेले होते.

पुढे एका रात्री पाऊस कोसळत असताना वीज गेली. खुराड्यातील उबेचा दिवा विझल्याने पिल्ले थंडीने ओरडू लागली आणि तो आवाज ऐकून तांबडी डालग्याच्या काड्यांवर डोके आपटू लागली. ओसरीवरून आजी उठून गेली, परंतु वरवंटा तिला उचलवेना आणि मुलाला हाक मारणे तिला मान्य नव्हते. म्हणून ती ओल्या फरशीवर डालग्याला पाठ लावून बसली. बऱ्याच वेळाने मालकीणबाई कंदील घेऊन उतरल्या. ज्या बाईने आयुष्यात कोंबडीला हात लावला नव्हता, तिने आधी वरवंटा उचलला आणि मग, ओल्या पिसांचा वास येत असताना, तांबडीला पदरात धरले. दोघींनी कंदील बारीक करून तिला पिल्लांमध्ये ठेवले. अंधारात कोंबडीला फारसे दिसत नाही आणि ती भांडत नाही. जाणकार नवे पक्षी रात्रीच कळपात सोडतात ते त्यामुळेच. आजीला हे ठाऊक होते की नव्हते, हे तिने कधी सांगितले नाही. पिल्ले उबेसाठी तांबडीच्या पोटाला चिकटली आणि खुडूक नसतानाही ती हलली नाही. फटफटल्यावर मात्र तिने पहिली टोच मारली, पिल्लू किंचाळले, आणि मुलाने तिला पुन्हा डालग्यात घालताना आईला उद्देशून “तुला काही कळत नाही” असे म्हटले. आजीने उत्तर दिले नाही. तिने आपले अंथरूण जिन्याशेजारी ओढून घेतले.

उपाय लागू पडला. तांबडी परतली तेव्हा तिच्याहून धाकट्या कोंबड्यांनी तिला कण्यांजवळ येऊ दिले नाही, तिचा तुरा रक्ताळला, आणि ती खुराड्यामागे एकटी बसू लागली. दसऱ्याआधी ती मेली. अंड्यांच्या जातीतील नर हॅचरीला निरुपयोगी असतात आणि रंगवून विकली जाणारी पिल्ले बहुधा तीच असतात. त्यानुसार ही सर्व पिल्ले पुढे कोंबडे निघाली, पहाटे आरवू लागली, आणि वाड्याच्या तक्रारीवरून त्यांना गावी पाठवावे लागले.

तांबडी कशाने मेली, असे नातवाने विचारले तेव्हा बापाने वयाने असे सांगितले. आजीने फक्त “बापाला विचार” म्हटले, त्याने आधीच विचारलेले असूनही. त्या घरात पुन्हा कोंबडी आली नाही. आजीचे अंथरूण मुलाने स्वतः उचलून माजघरात नेले आणि अभ्यासाची बैठक ओसरीवर आली. त्याबद्दल कोणीही चकार शब्द काढला नाही.

दांडग्या कोंबडीला कळपाबाहेर काढण्याचा उपाय शास्त्राला धरून आहे आणि तरण्या कोंबडीवर तो खुशाल करावा. म्हातारीवर करू नये. पिल्लांनाच जाळीआड ठेवून, ती तिच्या उंचीची होईपर्यंत थांबावे.