भार कुणावर टाकायचा

भाईंदर पूर्वेला नवघर रोडच्या आतल्या अंगाला, एका इमारतीच्या तळमजल्यावर आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं रविवारी उपासनेला जमतो. बहुतेक जण नगर-जालन्याकडचे, मुंबईत जागा परवडेना म्हणून इथवर आलेले. दृढीकरणाआधीचा मुलांचा वर्ग मी घेते. गेल्या पावसाळ्यात त्यातल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, येशू देवाचा पुत्र आहे, तो मेला नि उठला, हे सैतानालाही ठाऊक असणारच. मग त्याच्यात नि माझ्यात फरक काय?"

याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हेच विचारलंय. देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात. म्हणजे मी पाठ करून घेते तो विश्वासांगीकार आणि दहा आज्ञा बिनचूक म्हणणारं पोरही तारणाबाहेर राहू शकतं. शिकवणाऱ्याला हे ऐकायला जड जातं, पण खरं आहे.

मी तिला पंडिता रमाबाईंचं सांगितलं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये, वाँटेजला झाला. संस्कृतची एवढी मोठी पंडिता. बायबल वाचलेलं, वाद घालून, पारखून घेतलेलं. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. आणि तरी पुढे साक्ष देताना त्या स्वतःच सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं: आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळालाच नव्हता. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र तेव्हा त्यांच्या हाती आलं. हा माणूस वर्षानुवर्षं लोकांना उपदेश करत होता आणि त्याचं स्वतःचं मनपरिवर्तन झालं ते त्याच्याच व्यासपीठावर, उपदेश चालू असताना. ते वाचून रमाबाई अस्वस्थ झाल्या. आपल्या गाठीला काहीही नसताना, आहोत तसं, ख्रिस्ताच्या स्वाधीन व्हायचं असतं, हे त्यांना तेव्हा उमगलं. कष्ट त्या आधीही उपसत होत्या. पुढे दुष्काळातल्या मुली केडगावला आणल्या, मरेपर्यंत बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या. मला वाटतं, फरक एवढाच पडला की आपल्या तारणाचा भार त्यांनी आपल्या कामावरून उचलून ख्रिस्तावर टाकला.

वर्गात हे सांगणं सोपं. त्याच दिवसांत आमच्या मंडळीतले एक काका आजारी होते. उभं आयुष्य स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारण्यात गेलेलं. इथल्या गाळ्यांत हे काम फार चालतं. गाळा सुटून बरीच वर्षं झाली, तरी नखांच्या कडांत ती काळी भुकटी अजून आहे. खोकला थांबत नाही. मी संध्याकाळी वचन वाचायला जायची. एकदा मला मध्येच थांबवून म्हणाले, "पोरी, प्रार्थना होत नाही माझ्याच्यानं. तोंड उघडतं, आत काहीच नसतं. माझा विश्वास गेला वाटतं."

मी मार्काच्या नवव्या अध्यायातला आजारी पोराचा बाप त्यांना वाचून दाखवला. विश्वास ठेवतो म्हणतो आणि त्याच दमात आपल्या अविश्वासावर मदत मागतो. येशूने त्याला आधी विश्वास वाढवून ये असं म्हटलं नाही. पोराला बरं केलं. काका म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं.

त्यांच्या शेजारची उत्तनची मावशी कॅथलिक. तीही ऐकत होती. "आमचे फादरपण हेच सांगतात," म्हणाली. ते खरंच आहे. कृपेनेच, ख्रिस्तावरच्या विश्वासाने, आपल्या कुठल्याही पुण्याईने नव्हे, असं कॅथलिक आणि लूथरन मंडळ्यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गला एकत्र सही करून मान्य केलं. ज्या वादापायी युरोप दुभंगला, तो मिटवण्याच्या दिशेने हे केवढं मोठं पाऊल. आपल्याकडे त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी झाली नाही.

पुढच्या आठवड्यात काकांनी धाकट्या भावाला गावाहून बोलावून घेतलं. दोघांत बांधाचं भांडण, कोर्टात केस. भाऊ दारात चप्पल न काढताच उभा राहिला. काका उशीला टेकून बसले होते. "बांध तुझा. मी केस काढून घेतो," एवढंच बोलले. काकूने चहा टाकला.

नंतर मी विचारलं, "काका, देवापुढे हिशेब चुकता करायला का?" त्यांना राग आला. "हिशेब त्यानं कधीच मिटवलाय. तो मिटलाय म्हणून तर याला बोलावला. नाहीतर एवढी जमीन सोडायची छाती होती का माझी?"

याकोब नि पौल एकमेकांविरुद्ध बोलतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी काकांकडे येऊन बसावं. कर्मांनी तारण मिळत नाही म्हणणारा पौल आणि कर्मांवाचून विश्वास मेलेला आहे म्हणणारा याकोब, दोघेही त्या खाटेवर होते.

काकांच्या थोरल्या मुलाला ही जमीन सोडणं मुळीच पटलेलं नाही. बाप आजारात हळवा झाला असं तो म्हणतो, आणि केस मागे घेण्याचा अर्ज वकिलाकडे घेऊन जायला त्याने नकार दिला. शेवटी काकूच गेली. काकांना अजूनही एखाद्या संध्याकाळी प्रार्थना जमत नाही. तेव्हा ते मला सांगतात, आज तू कर, मी आमेन म्हणतो.